मेलबर्नमध्ये फुकट काय मिळतं, आणि कुणाला

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात येऊन तीन महिने झाले. नवऱ्याचा तात्पुरता वर्क व्हिसा, मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) नाही, मुलगी अडीच वर्षांची, सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले. पगार घरभाड्यात आणि गाडीतच संपतो. इथे खरोखर फुकट असं काही आहे का?

आहे, आणि पुष्कळ आहे. फक्त ‘फ्री’ ही पाटी दिसली की ती कुणासाठी आहे ते आधी बघायचं. काही ठिकाणी तुम्हाला कुणी नावसुद्धा विचारत नाही: बागा, किनारे, क्रिकेटची नेट्स, बार्बेक्यू, आर्ट गॅलरी. काही ठिकाणी फक्त तुम्ही व्हिक्टोरियात राहता एवढं पुरतं: लायब्ररी, बाळांच्या तपासणीची सेवा, किंडर. आणि काही ठिकाणी व्हिसा बघतात: मेडिकेअर, सरकारी इंग्रजीचे वर्ग. हे तिसरं दार तुमच्यासाठी सध्या बहुतेक बंदच आहे. पण गल्लत होते ती दुसऱ्या दाराशी. मेडिकेअर नाही म्हणजे मुलीसाठी काहीच नाही, असं समजून कितीतरी कुटुंबं वर्ष-दीड वर्ष घालवतात. म्हणून मुलीपासूनच सुरुवात करू. बाकी सगळं पुढच्या महिन्यात केलंत तरी चालेल, या कामाला मात्र मुदत आहे.

व्हिक्टोरियात जन्मापासून शाळेत जाईपर्यंतच्या प्रत्येक मुलासाठी ‘मॅटर्नल अँड चाइल्ड हेल्थ’ ही सेवा विनामूल्य आहे. कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या, केंद्रात एक प्रशिक्षित नर्स बसते. एकूण दहा ठरलेल्या भेटी असतात. पहिली बाळंतपणानंतर तुमच्या घरी, शेवटची साडेतीन वर्षांची. अडीच वर्षांची मुलगी मधल्या टप्प्यावर आहे, म्हणजे दोन वर्षांची भेट हुकलेली असेल. ‘आम्ही परदेशातून आलो आहोत, दोन वर्षांची तपासणी राहिली आहे’ एवढं सांगून कौन्सिलला फोन करा आणि ती आत्ताच मागून घ्या. वजन-उंची, बोलणं, चालणं, दात, झोप, खाणं सगळं बघतात. घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी, म्हणून मुलगी उशिरा बोलते आहे का, ही शंका इथे विचारायची. त्यासाठी खाजगी तज्ज्ञाकडे आधीच पैसे मोजायची गरज नाही. रात्री दोन वाजता ताप चढला तर याच सेवेची हेल्पलाइन आहे, १३ २२ २९, चोवीस तास. पलीकडे नर्सच असते.

त्यानंतर किंडर, म्हणजे आपली बालवाडी. २०२३ पासून व्हिक्टोरियात तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी ‘फ्री किंडर’ आहे आणि त्याला नागरिकत्वाची अट नाही. तीन वर्षांच्या वर्गाला आठवड्याला ५ ते १५ तास मिळतात. ज्या वर्षी जायचं त्या वर्षीच्या ३० एप्रिलपर्यंत मूल तीन पूर्ण हवं. नोंदणी बहुतेक ठिकाणी आदल्या वर्षी कौन्सिलमार्फत होते, आणि पश्चिमेकडच्या वाढत्या उपनगरांत जागा लवकर भरतात. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. किंडर स्वतंत्र असेल तर फी शून्य. पण डे-केअरमध्ये चालणारं किंडर असेल तर दिवसभराच्या बिलातून सरकारी रक्कम फक्त वजा होते. बाकीचे तास तुमच्या खिशातून. ‘फ्री किंडर’ असा बोर्ड लावलेल्या डे-केअरचं पहिलं बिल बघून धक्का बसतो तो यामुळे.

पण किंडरच्या दारात अडवतं ते लसीकरण. व्हिक्टोरियात ‘नो जॅब, नो प्ले’ असा कायदा आहे: ऑस्ट्रेलियन इम्युनायझेशन रजिस्टरचं पत्रक दाखवल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. भारतातलं कार्ड, डॉक्टरांचा शिक्का, सगळं असलं तरी ते इथे चालत नाही. त्यावरच्या नोंदी इथल्या लसीकरण केंद्राने किंवा जीपीने (फॅमिली डॉक्टरने) रजिस्टरमध्ये चढवाव्या लागतात. मूळ कार्ड घेऊन जा. लसींची नावं आणि तारखा स्पष्ट वाचता येतील अशी एक वेगळी यादी इंग्रजीत टाइप करून सोबत ठेवा. डॉक्टरांचं अक्षर इथल्या नर्सला लागत नाही. मेडिकेअर नसेल तर मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावरून ‘इंडिव्हिज्युअल हेल्थकेअर आयडेंटिफायर’ हा क्रमांक काढायचा, म्हणजे पत्रक स्वतः उतरवून घेता येतं.

नोंदी चढल्या की बहुधा पत्रकावर ‘ओव्हरड्यू’ येतं आणि आया घाबरतात, ‘आम्ही तर एकही लस चुकवली नाही!’ चुकवलेली नसतेच. आपल्याकडे गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. इथे पहिला बाराव्या महिन्यात असतो, आणि नवव्या महिन्यातला डोस हिशेबात धरत नाहीत. शिवाय आपल्या सरकारी कार्यक्रमातली लस एमआर (गोवर-रुबेला) आहे, तिच्यात गालगुंडाची लस नसते. इथे एमएमआर लागते. बाराव्या महिन्यातली मेनिंगोकोकलची लसही आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही. म्हणजे साधारण दोन-तीन सुया वाढतात. त्या एका ‘कॅच-अप’ वेळापत्रकात बसवून देतात, आणि त्या वेळापत्रकावर असलेलं मूल प्रवेशाला चालतं. या सगळ्याला काही आठवडे जातात. म्हणून किंडरचा अर्ज भरायच्या आधी कार्ड घेऊन कौन्सिलच्या लसीकरण सत्राला जा. मेडिकेअर नसताना कुठली लस विनामूल्य आणि कुठल्या डोसचे पैसे, हे त्याच फोनवर विचारून घ्या.

आता लायब्ररी. ओळखपत्र आणि पत्ता दाखवला की कार्ड त्याच दिवशी मिळतं; अनामत नाही, वर्गणी नाही. साधारण तीन आठवडे पुस्तक ठेवता येतं. दुसऱ्या कुणी राखून ठेवलं नसेल तर ॲपवरून मुदत वाढते. मुलीसाठी सकाळचा ‘स्टोरीटाइम’ असतो, अर्ध्या-पाऊण तासाचा. गाणी, गोष्ट, शेवटी चिकटवा-चिकटवी. काही शाखांत आधी नाव नोंदवावं लागतं. शाळेच्या सुट्टीत हे वर्ग बंद असतात, आणि नवीन माणसं नेमकी तेव्हाच बंद दारापर्यंत जाऊन परततात. त्याच कार्डावर ई-पुस्तकं आणि ऑडिओ पुस्तकं मिळतात, बहुतेक लायब्ऱ्यांत लिबी किंवा बॉरोबॉक्स या ॲपवर. प्रेसरीडर घेतलेला असेल तर जगभरची वर्तमानपत्रं. सासऱ्यांना रोज सकाळी पेपर लागतो ना, त्यांची सोय तिथे लावून द्या. मराठी पुस्तकं मात्र कमी. हिंदी, पंजाबी, तमिळ कप्पे दिसतील, मराठी शोधावी लागतात. एकाच लायब्ररीपुरतं राहायची सक्ती नाही. शेजारच्या कौन्सिलचंही कार्ड काढता येतं आणि ‘हे पुस्तक विकत घ्या’ असा सूचनेचा फॉर्मही असतो. तो भरणारे मराठी लोक फार थोडे, आणि कप्पा रिकामा राहतो त्याचं हेही एक कारण. प्रिंटला पानामागे पैसे पडतात, वाय-फायला नाहीत.

सासू-सासऱ्यांना घेऊन शहरात जायचं तर आधी ट्रामचं गणित समजून घ्या. १ जानेवारी २०१५ पासून शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे: साधारण फ्लिंडर्स स्ट्रीट, स्प्रिंग स्ट्रीट, क्वीन व्हिक्टोरिया मार्केट आणि डॉकलंड्स यांच्या आतला भाग. या हद्दीतच चढून हद्दीतच उतरणार असाल तर मायकी (इथलं तिकिटाचं) कार्ड टेकवायचंच नाही. टेकवलंत की पैसे कापले जातात. चांगल्या सवयीचा दंड म्हणा हवं तर. ट्रेन या सवलतीत नाही. उपनगरातून येताना ट्रेनला कार्ड टेकवणं भागच आहे, आणि फ्लिंडर्स स्ट्रीट ते सदर्न क्रॉस एवढ्या एका स्टेशनालाही तिकीट लागतं. सगळ्यात जास्त लोक फसतात ते सेंट किल्डा रोडवर. नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरिया फ्लिंडर्स स्ट्रीटच्या पलीकडे, नदीपार आहे, आणि तिच्या समोरचा आर्ट्स प्रिसिंक्टचा थांबा फुकट हद्दीच्या बाहेर पडतो. तिकीट तपासनीस तिथे असला तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ चालत नाही. फ्लिंडर्स स्ट्रीटला उतरा आणि प्रिन्सेस ब्रिजवरून चालत जा. सात-आठ मिनिटांचा रस्ता, खाली यारा नदी, ज्येष्ठांनाही झेपतो.

गॅलरीचा कायमस्वरूपी संग्रह बघायला पैसे नाहीत. मोठ्या फिरत्या प्रदर्शनांना तिकीट असतं, आणि आत शिरल्यावर दोन्हींच्या रांगा शेजारी-शेजारी दिसतात म्हणून सांगितलं. दारातच काचेवरून अखंड पाणी ओघळत असतं, मुलगी तिथून हलणार नाही. पण आत सरळ ग्रेट हॉलमध्ये जा. छत सगळं रंगीत काचेचं आहे, लेनर्ड फ्रेंच या चित्रकाराने केलेलं, १९६८ साली इमारत उघडली तेव्हापासूनचं. ते बघायची रीत म्हणजे गालिच्यावर सरळ उताणं झोपायचं. सगळेच झोपतात, कुणी हसत नाही. सासूबाई पहिल्यांदा संकोचतील, ‘अगंबाई, असं कसं पडायचं लोकांत’ म्हणतील. त्यांना खांबाजवळच्या बाकावर बसवा आणि मुलीला आडवं करा. दहा मिनिटांत आजीही मान मागे टाकून बघत असतात.

स्टेट लायब्ररी हद्दीच्या आतच आहे, स्वान्स्टन स्ट्रीटवर. १८५६ साली उघडलेली, पुढे १९१३ मध्ये तिला घुमटाचं अष्टकोनी वाचनालय जोडलं. टेबलं मध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखी पसरलेली. खाली अभ्यास करणारी मुलं असतात, म्हणून लिफ्टने वरच्या सज्जात जा आणि तिथून बघा. दृश्य तिथूनच खरं कळतं आणि मुलीचा आवाज झाला तरी कुणी वळून बघत नाही. नेड केली या दरोडेखोराचं लोखंडी चिलखतही याच इमारतीत मांडलेलं आहे. रॉयल बोटॅनिक गार्डन्स, श्राइन ऑफ रिमेम्ब्रन्स, डँडेनॉन्गचं जंगल यांनाही प्रवेश फुकट. डँडेनॉन्गला गाडीने जा, आणि रविवारी दहानंतर पार्किंग मिळत नाही हे गृहीत धरा.

आता बार्बेक्यू. आपल्याकडच्या माणसाला सगळ्यात जास्त अविश्वास वाटतो तो याचाच: बागेत स्टीलची इलेक्ट्रिक शेगडी, वीज कौन्सिलची, कुलूप नाही, नाणं टाकायचं नाही. ओट्यासारखा बांधलेला चौथरा, वर सपाट पोलादी तवा, कडेला एक बटण. बटण दाबलं की दिवा लागतो. तवा पुरता तापायला आठ-दहा मिनिटं लागतात, वारा असेल तर जास्त. आणि साधारण पंधरा-वीस मिनिटांनी तो आपोआप बंद होतो. कुणी विसरून गेलं तर अपघात होऊ नये म्हणून. पहिल्यांदा जाणाऱ्यांचं सगळं इथेच बिघडतं. तवा तापला-न तापला तोच थालीपीठ टाकतात, ते चिकटतं. तोवर दिवा विझतो, आणि ‘शेगडी खराब आहे’ म्हणून घरी परततात. बटण दाबा, मग सामान काढायला लागा. पाण्याचे चार थेंब टाकून बघा, तडतडून उडाले तर तवा तयार. मग दर दहा मिनिटांनी दिव्याकडे नजर ठेवा आणि विझला की लगेच दाबा, तवा गार होऊ देऊ नका.

तुम्ही शाकाहारी असाल तर एक अडचण आहेच: या तव्यावर कालच सॉसेज भाजलेली असतात. तवा मध्याकडे किंचित उतरता असतो आणि मध्ये चरबी निथळायला भोक असतं. आधी गरम तव्यावर थोडं पाणी टाकून उलथन्याने खरवडा, कागदाने पुसा. मग बेकिंग पेपर अंथरा. इथे ज्वाळा नाही, त्यामुळे कागद पेटत नाही. ॲल्युमिनियम फॉइलपेक्षा कागद बरा, कारण फॉइलला ओलं पीठ चिकटतं. थालीपीठ घरीच कागदावर थापून, कागदासकट एकावर एक रचून डब्यात न्या. तिथे कागदासकट उलटं टाका, दोन मिनिटांनी वरचा कागद सोडवा. भाजणीचं पीठ नेहमीपेक्षा जरा घट्ट मळा, कारण घरच्या तव्याइतकी आच इथे मिळत नाही. पनीरचे तुकडे दीड-दोन सेंटिमीटर जाड हवेत. पातळ केलेत तर मसाला करपायच्या आत कोरडे पडतात. कणसं कच्ची भाजायला गेलात तर अर्धा तास जातो आणि दाणे आवळतात. घरी पाच-सहा मिनिटं उकडून न्या, इथे फक्त डाग पडेपर्यंत फिरवा, लिंबू-मीठ-तिखट वरून. वांगं मात्र नेऊ नका. भरताला ज्वाळा लागते, सपाट तव्यावर ते फक्त एका बाजूने शिजतं.

शिष्टाचार तोंडी असतो, पाटीवर लिहिलेला नसतो. शेगडी राखून ठेवता येत नाही. टेबलावर चादर टाकून जागा धरणं चालतं, तव्यावर पातेलं ठेवून शेगडी धरणं चालत नाही. एका चौथऱ्यावर दोन तवे असतील तर एक दुसऱ्यासाठी सोडा. आणि निघताना पुसून जा. शनिवारी-रविवारी दुपारी बारानंतर रांग असते, साडेदहाला गेलात तर पूर्ण चौथरा तुमचा. उन्हाळ्यात ‘टोटल फायर बॅन’चा दिवस असेल तर लाकूड-कोळसा अजिबात पेटवायचा नाही. दंड मोठा आहे आणि रागही खराखुरा आहे, इथे वणव्यांनी माणसं गेली आहेत.

नवऱ्यासाठी: जवळपास प्रत्येक मैदानाच्या कडेला क्रिकेटची नेट्स असतात, सिमेंटवर कृत्रिम गवत, कुणीही वापरावीत. आठवड्यातल्या ठरावीक संध्याकाळी क्लबांचा सराव असतो, तेव्हा जागा सोडावी लागते. मॅच खेळायला मात्र मैदान कौन्सिलकडून भाड्याने घ्यावं लागतं. हिवाळ्यात त्याच मैदानावर फुटबॉल चालतो, तेव्हा मधली खेळपट्टी झाकून टाकतात.

सासऱ्यांना फिरायची सवय असेल तर पार्करन बघा. दर शनिवारी सकाळी आठला, पाच किलोमीटर, चाललं तरी चालतं. सगळ्यात शेवटी एक स्वयंसेवक ‘टेल वॉकर’ म्हणून असतो, त्यामुळे आपण शेवटचे येत नाही! एकदा नाव नोंदवायचं आणि बारकोड सोबत न्यायचा. बारकोड नसेल तर वेळेची नोंद होत नाही, एवढंच.

किनाऱ्याबद्दल मात्र गंमत बाजूला ठेवून सांगतो. विल्यमस्टाउन आणि अल्टोनाचे किनारे खाडीतले, शांत. मुलीला आणि ज्येष्ठांना तिथेच न्या. टॉर्की, गनामाटा हे खुल्या समुद्राचे. तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचं, आणि झेंडे नसतील त्या दिवशी गुडघाभर पाण्याच्या पुढे जायचं नाही. लाटा जिथे फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसतं, ती जागा सुरक्षित वाटते, आणि बहुतेक वेळा तीच ‘रिप’ असते: किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत आत ओढलं जातं. सापडलात तर किनाऱ्याकडे पोहण्याची धडपड करू नका. माणूस दमतो आणि बुडतो. तरंगत राहा, हात वर करा. जीन्स किंवा साडी नेसून पाण्यात उतरू नका, भिजलेलं कापड ओढून नेतं.

कागदपत्रं. सर्टिफाइड कॉपीसाठी ‘जस्टिस ऑफ द पीस’ असतात, स्वयंसेवक, कायद्यानेच त्यांना पैसे घेता येत नाहीत. पोलीस स्टेशन आणि लायब्ऱ्यांमध्ये त्यांच्या वेळा लावलेल्या असतात. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या, आणि तुमची सही लागणारा कागद असेल तर ती आधी करून जाऊ नका. ती त्यांच्या समोर व्हायला लागते, नाहीतर कागद परत नवीन. नाशिकच्या फ्लॅटसाठी पॉवर ऑफ ॲटर्नी द्यायची असेल तर मात्र हा मार्ग उपयोगाचा नाही. ती भारतीय वकिलातीकडून किंवा नोटरी पब्लिक आणि अपॉस्टिल अशी करावी लागते, दोन्हीला पैसे पडतात.

सासूबाईंना इंग्रजी येत नसेल तर १३१ ४५० लक्षात ठेवा. ही सरकारी दुभाषा सेवा, चोवीस तास. आधी भाषेचं नाव सांगायचं, मग कुठल्या कार्यालयाशी बोलायचं ते. सरकारी खात्यांशी बोलायला तुम्हाला खर्च येत नाही. मराठी दुभाषा लगेच मिळाला नाही तर हिंदी मागा. आणि डॉक्टरसमोर सुनेने किंवा नातवाने भाषांतर करायचं टाळा. बायकांच्या तक्रारी तिथे गिळल्या जातात.

रस्त्याच्या कडेला टाकलेलं सामान, म्हणजे हार्ड रबिश, दिसेल तेव्हा मोह होईल. बऱ्याच कौन्सिलांत तो माल बाहेर ठेवला की कौन्सिलचा, उचलणं नियमात बसत नाही. आपल्या कौन्सिलचा नियम आधी वाचा. टेबल, लाकडी कपाट, कुंड्या ठीक. गादी, सोफा आणि मुलांची कार-सीट कधीच घेऊ नका. गादीत ढेकूण निघाले तर ते काढण्याचा खर्च नव्या गादीपेक्षा जास्त होतो. कार-सीट अपघातातून गेलेली असली तरी वरून दिसत नाही. त्यापेक्षा उपनगराचा ‘बाय नथिंग’ गट बरा, तिथे शेजारी एकमेकांना वस्तू फुकट देतात. वस्तू देणारा माणूस समोर असतो, त्याला विचारता येतं.

आणि एक गोष्ट फुकट आहे असं समजू नका: ॲम्ब्युलन्स. मेडिकेअर असणाऱ्यांनाही व्हिक्टोरियात ती फुकट नसते, आणि एका फेरीचं बिल हजार डॉलरच्या वर जातं. तुमच्या व्हिसाच्या आरोग्य विम्यात आणि सासू-सासऱ्यांच्या प्रवास विम्यात ‘ॲम्ब्युलन्स’ हा शब्द आहे का ते आजच उघडून बघा. प्रवास विमा असेल तर आधीपासूनच्या रक्तदाब-मधुमेहाचं काय लिहिलंय, तेही त्याच पानावर असतं.